कोळवणहून बॉस्टनला

बॉस्टन, ३ ऑक्टोबर १९६१

सौ. रंभावहिनींस बहिरूचा साष्टांग नमस्कार.

पत्र तुमच्या नावाने आलेलं पाहून नवल वाटेल. दादाच्या नावाने पाठवलेली पत्रं तो फोडतसुद्धा नाही, असं कुशाबाकाकांनी कळवलं होतं. तुम्ही पौडच्या शाळेत सातवीपर्यंत गेलेल्या, तेव्हा हे दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागणार नाही.

आई गेली तेव्हा मी आलो नाही. 'परीक्षा आहे' असं लिहिलं. ते खोटं होतं. त्या वेळी मी इस्पितळात होतो. अंगभर सूज आली होती, सहा आठवडे खाटेवर होतो. आईचं दुःख असताना घरात आणखी एक काळजी नको म्हणून लपवलं. दादाने माझं खोटं खरं मानलं आणि मला मनातून काढून टाकलं. दोष माझाच आहे.

ते दुखणं आता उलटलंय. दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत आली आहेत. यंत्रातून रक्त धुऊन काढतात, मग थोडे दिवस बरं वाटतं. ते दिवस दर वेळी कमी होतात. इथे एक नवी शस्त्रक्रिया करतात. धडधाकट माणसाचं एक मूत्रपिंड काढून रोग्याला लावतात. पण दुसऱ्या कुणाचं लावलं तर शरीर ते झिडकारतं. हुबेहूब जुळ्या भावाचं असेल तर आपलंच समजून ठेवून घेतं.

डॉक्टरांनी विचारलं, तुला जुळा भाऊ आहे का? मी नाही म्हणालो. मग परवा नर्सने माझ्या उशाशी ठेवलेला तुमच्या लग्नातला फोटो उचलला आणि विचारलं, "यातला तू कोणता?"

मी काही मागत नाही. दादाला यातलं काही सांगू नका. कुणाला तरी खरं सांगून ठेवावं, एवढ्यासाठी लिहिलं.

आपला,
बहिरू


कोळवण, २९ ऑक्टोबर १९६१

बहिरूभावजी यांना रंभाचे अनेक आशीर्वाद.

तुमचं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तर लिवायला उशीर झाला त्याचं कारण ईचारू नका.

तुमी लिवता की मी काय मागत न्हाई. भावजी, मागायचं नव्हतं तर लिवलं कशाला? मनात व्हतं म्हणूनच लिवलं. त्याचा मला राग न्हाई. जीव समद्यांनाच हवा असतो. पर उगं आडपडदा ठेवू नका.

ह्यांना मी अजून सांगितलं न्हाई. आधी मला कळाय पायजे. ज्याचं काढत्यात त्या माणसाचं पुढं काय व्हतं? त्याला नांगर धरता येतो का? भाताची पोती उचलता येत्यात का? किती वर्सं जगतो? आन् टेबलावरच बरंवाईट झालं, असं कुणाचं झालंय का? माझ्या दोन पोरी हायेत. गोजरा आठ वर्सांची, सारजा पाच. ह्यांच्याबिगर आमचं काय, ह्ये मला बघाय पायजे. तुमी शिकलेले हाय, डाक्तराला ईचारून खरं काय त्येच लिवा. गोड लिवू नका.

हितं भात पिवळा पडलाय. पंधरा दिवसांत कापणी लागंल.

रंभा


बॉस्टन, ११ नोव्हेंबर १९६१

सौ. वहिनींस सा. न.

तुमचं पत्र वाचून मान खाली गेली. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. मनात होतंच.

डॉक्टरांसमोर बसून तुमचा एकेक प्रश्न विचारला. त्यांची उत्तरं जशीच्या तशी लिहितो. एका मूत्रपिंडावर माणूस पुरतं आयुष्य जगू शकतो. काढल्यावर दोन आठवडे खाट, तीन महिने जड काम नाही. पुढे नांगर धरता येईल, पोतंही उचलता येईल. देणारं कुणी या इस्पितळात आजवर दगावलेलं नाही. पण भूल द्यायची, पोट फाडायचं, म्हणजे धोका नाही असं म्हणता येत नाही. उद्या दादाला शेतात बैलाने मारलं आणि उरलेलं एकच निकामी झालं, तर त्याला दुसरं नाही. आणि एवढं सगळं करूनही मी वाचेनच, असंही कुणी सांगत नाही.

माझ्याबद्दल म्हणाल तर, उन्हाळ्यापर्यंत गाडी ढकलता येईल असा त्यांचा अंदाज आहे.

यातलं काहीही गोड केलेलं नाही. तुम्ही नाही म्हणालात तर माझ्या मनात काही राहणार नाही, याची शपथ घेतो.

बहिरू


कोळवण, ३० नोव्हेंबर १९६१

बहिरूभावजी यांना आशीर्वाद.

आठवडा झाला, ह्यांना सांगितलं.

खळ्यावर भात झोडत व्हते. मी भाकरी घेऊन गेले आन् तुमची दोन्ही पत्रं फुडं ठेवली. म्हणाले, "त्याची हायेत ना? ने परत." मी म्हणलं, "माझ्या नावानं आल्यात. माझ्यासाटनं वाचा."

वाचता वाचता आईच्या वक्ताचं आलं तितं थांबले. उठून वढ्याकडं गेले. लई येळानं आले तवा डोळं लाल झालं व्हतं. म्हणाले, "तीन वर्सं मी त्येला शिव्या देत बसलो, आन् त्यो तितं खाटंवर." मग भाकरीचा तुकडा मोडला, हातातच धरला. "कुटल्या कुशीतलं काढत्यात गं?"

मी म्हणलं, "डाव्या नायतर उजव्या. डाक्तर बघंल."

"मंग उजवीकडचं ठिवा म्हणावं. पोतं मी उजव्या अंगावर घेतो."

एवढंच. मला ईचारलं न्हाई का जाऊ का नको. पर मागनं म्हणाले, "त्येला लिव. त्यानं मला सोडून तुला ईचारलं, ह्येचा मला राग हाय. ह्यो तितं येऊनच काढीन."

कुशाबामामंजी लई बोलले. "एकाला उभं करायला दुसरा मोडायचा का?" म्हणाले. दोन दिस आमच्याकडं पाणी प्याले न्हाईत. तिसऱ्या दिवशी आपणहून ह्यांच्यासंगं पौडच्या कचेरीत गेले, जामीन राह्यले. पासपोर्टाचा फोटो पुण्यात काढला. देवीची आन् पटकीची सुई टोचली, हात सुजलाय. तुमच्या डाक्तराची चिठ्ठी लवकर धाडा. साहेब लोक कागदाबिगर हलत न्हाईत.

रंभा


बॉस्टन, १४ डिसेंबर १९६१

ती. दादास बहिरूचा साष्टांग नमस्कार.

तुला पत्र लिहायला बसलो आणि तीन कागद फाडले. माफी समोरासमोर मागेन. आता फक्त वाटेचं लिहितो, नीट वाच.

तिकीट इस्पितळाने काढलंय. १८ जानेवारीला मुंबईहून निघायचं. विमान कैरोला थांबेल, तिथे उतरायचं नाही. मग जिनिव्हाला थांबेल, तिथेही उतरायचं नाही. लंडनला मात्र उतरायचं आणि बॉस्टनचं विमान बदलायचं. मध्ये पाच तास आहेत. १९ तारखेच्या संध्याकाळी मी तुला घ्यायला विमानतळावर येईन.

सोबत पुठ्ठ्याचे आठ तुकडे पाठवतो. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. 'मला बॉस्टनच्या विमानात बसायचं आहे', 'मला पाणी हवं', 'संडास कुठे आहे', असं लिहिलंय. हवा तो पुठ्ठा दाखवायचा. डॉक्टरांचं पत्र आतल्या खिशात ठेव. आठव्या पुठ्ठ्यावर इथला पत्ता आहे, तो हरवू नकोस.

इथे बर्फ पडतंय. जेवढं लोकरीचं असेल तेवढं अंगावर घाल. खुर्चीला पट्टा असतो, तो बाई येऊन बांधून देईल. कानात दडे बसले तर घाबरू नकोस, घोट गिळत राहा.

दादा, अजूनही नको वाटलं तर येऊ नकोस.

बहिरू


जिनिव्हाचा विमानतळ, १९ जानेवारी १९६२

सौ. रंभास अनेक आशीर्वाद.

रंभे, मी खुशाल हाय. पर हाय कुटं, ते मलाच धड ठावं न्हाई.

विमान उडालं तवा खुर्ची घट्ट धरली. खाली बघितलं तर मुंबईचे दिवे राखंतल्या इस्तवासारखे. मग काळोख. एक बाई आली, पट्टा बांधला, पोराचा गाल थोपटावा तसं बोलून गेली. मी मांसमच्छी नको म्हणून मान हलवली तर तिला वाटलं कायच नको. उपाशी राह्यलो. तुझ्या दशम्या काढून खाल्ल्या.

शेजारी मुंबईची एक पारशी म्हातारी हाय, लेकीकडं लंडनला चालल्याली. तिनं ईचारलं, "डिकरा, तू कुठे जाते?" मी पुठ्ठा दाखवला. तिनं समदे पुठ्ठे वाचले आन् हसली. मग डाक्तराचं पत्र वाचलं, तवा हसायची थांबली. त्याउप्पर आपलं ताट मला आधी दावती, काय खायचं काय न्हाई ते सांगती.

जिनिव्हाला बहिरूनं उतरू नको म्हणलं व्हतं. पर समदेच उतराय लागले. मी खुर्ची सोडीना. म्हातारी म्हणाली, "डिकरा, लंडनमंदी धुकं झाला. प्लेन जाते नाय. उतर." मी तिला पुठ्ठा तीन दाखवला, बॉस्टनचा. ती म्हणाली, "तुझा बॉस्टनचा प्लेन तुझ्याबिगर गेला समज."

आठ पुठ्ठ्यांत धुक्याचा एक पण न्हाई.

आता मोठ्या दालनात बाकावर बसलोय. काचंतनं आभाळाएवढे डोंगर दिसत्यात, नुसते पांढरे. मला वाटायचं आपला कोराईगड मोठा. बहिरू संध्याकाळी तितं उभा राहील आन् मी दिसणार न्हाई. म्हातारीनं कचेरीत जाऊन तार करा म्हणून सांगितलं, करतो म्हणाले. केली का न्हाई देवाला ठावं.

एक गोष्ट सांगतो, कुणाला सांगू नको. हितं बसल्यावर भ्या वाटलं. कापत्यात त्येचं न्हाई वाटलं. मी पोचायच्या आधीच त्यो गेला तर, ह्येचं वाटलं.

म्हातारी पत्र टाकायला थांबलीय.

हैबत


कोळवण, २२ जानेवारी १९६२

बहिरूभावजी यांना आशीर्वाद.

तुमची तार काल भिवाजी पोस्टमन घेऊन आला. इंग्रजीत, म्हणून शाळंत नेली. मास्तरांनी वाचली. हैबत विमानात नव्हता, मुंबईहून निघाला का, म्हणून ईचारलंय.

निघाले हो. कुशाबामामंजींनी डोळ्यांनी विमानात बसताना बघितलं. मग गेले कुटं?

मी मास्तरांकडनं जगाचा नकाशा मागून आणला. गोजरानं मुंबईवर बोट ठेवलं, बॉस्टनवर दुसरं. दोन बोटांत वीतभर अंतर. त्यात माणूस हरवतो कसा? ती ईचारती, "आये, बाबा निळ्यात पडलं का?" मी तिला मारलं. मग तिलाच जवळ घेऊन रडले.

मामंजी मला दोष देत न्हाईत. दिला असता तर बरं झालं असतं. बायका येत्यात, बसत्यात, ग्येल्यावानी बोलत्यात. मी त्यांना भात वेचायला लावते, म्हणजे हात चालतो आन् तोंड थांबतं.

भावजी, ह्यांना मीच तुमची पत्रं वाचायला दिली. ह्ये मला जन्मभर पुरंल.

पर येक लिवते. ते सापडले आन् घाबरून परत फिरतो म्हणाले, तर त्यांना सांगा, रंभा म्हणती फिरू नका. इतकं लांब ग्येलात तर काम करूनच या.

रंभा


बॉस्टन, २४ जानेवारी १९६२

सौ. रंभास आशीर्वाद.

दुसरी तार मिळाली असंल. पोचलो. बहिरू जिता हाय.

जिनिव्हात एक रात काढली, मग लंडन. तितं म्हातारी उतरली. तिची लेक आल्ती. जाताना तिनं माझ्या कागदावर इंग्रजीत चार वळी लिवल्या आन् म्हणाली, "जे साहेब भेटेल त्येला हे दाखव." बॉस्टनच्या विमानात दोन दिस जागा नव्हती. खिडकीतल्या बाईनं त्या वळी वाचल्या, फोन फिरवला आन् मला न्यूयार्कच्या विमानात बसवलं. म्हणजे वाट वाकडी, पर लवकर.

न्यूयार्कला साहेबानं पासपोर्ट उघडला आन् सपाटा लावला ईचारायचा. मला काय कळंना. कागद दिला, डाक्तराचं पत्र दिलं. त्यानं वाचलं. माझ्याकडं बघितलं. परत वाचलं. मग रंभे, त्यो खुर्चीवरनं उठला, माझं गठुडं खांद्यावर घेतलं आन् म्होरं चालाय लागला. मी मागं. पार बॉस्टनच्या विमानाच्या शिडीपर्यंत आला. हात मिळवला.

बॉस्टनला कुणीच न्हवतं. पत्त्याचा पुठ्ठा मोटारवाल्याला दिला. इस्पितळात शिरलो तर एक नर्स मला बघून किंचाळलीच. हाताला धरून वढाय लागली. तिला वाटलं बहिरू खाटंवरनं पळून बर्फात जाऊन आला! वढत त्याच्याच खोलीत नेलं. तितं खाटंवर दुसरा मी.

लई वाळलाय गं. तोंड सुजलंय आन् हात काटक्या. बघून वळखला न्हाई, मग वळखला.

म्हणाला, "दादा, दोन दिवस उशीर केलास."

मी म्हणलं, "तू तीन वर्सं केलास."

मग मी त्याच्या खाटंवर बसलो. नर्स बाहेर गेली.

हैबत


बॉस्टन, २३ फेब्रुवारी १९६२

सौ. वहिनींस सा. न.

दादाच्या हातातून लेखणी काढून घेऊन मी लिहितोय, कारण ही बातमी मला सांगायची आहे.

आम्ही हुबेहूब जुळे आहोत की नुसते दिसायला सारखे, याची खात्री झाल्याशिवाय डॉक्टर हात लावणार नव्हते. म्हणून दादाच्या दंडावरचा कातडीचा नखाएवढा तुकडा माझ्या दंडावर लावला. परका असता तर काळा पडून गळाला असता. चार आठवडे आम्ही दोघे त्या तुकड्याकडे बघत बसलो होतो. दादा रोज सकाळी माझी बाही वर करायचा आणि म्हणायचा, "रोप धरलंय का बघू." काल पट्टी काढली. धरलंय. कडासुद्धा दिसत नाहीत.

२७ तारखेला शस्त्रक्रिया. डाव्या बाजूचं काढणार. दादाने उजव्या अंगाचं सगळ्या डॉक्टरांना खांद्यावर पोतं घ्यायचा अभिनय करून समजावलं.

तुमचं २२ जानेवारीचं पत्र उशिरा पोचलं. दादाने ते वाचलं आणि कुणाला दिलं नाही. सदऱ्याच्या खिशात ठेवलंय. रात्री मला म्हणाला, "ती फिरू नका म्हणती." मग झोपला. त्याला गाढ झोप लागली, मला नाही.

काही झालं तरी तार करायला डॉक्टरांना सांगून ठेवलंय.

बहिरू


कोळवण, २० मे १९६२

बहिरूभावजी यांना रंभाचे अनेक आशीर्वाद.

ह्ये घरी येऊन पंधरा दिस झाले. पौडच्या स्टँडावर एस.टी.तनं उतरले तवा निम्मा कोळवण जमला व्हता. सारजानं वळखलं न्हाई, गोऱ्या साहेबासारका कोट बघून लपली. जखम बघितली. वीतभर हाय, पर सुकलीय. भाताच्या रोपांसाठी राब भाजून झाला. ह्ये बांधावर बसून मामंजींना हुकूम सोडत्यात आन् मामंजी ऐकत्यात, ह्ये नवल बघायला लोक येत्यात.

तुमी हिंडाय-फिराय लागला, कॉलेजात जाता, ह्ये ह्यांनी सांगितलं. सांगताना त्यांचं तोंड बघायला पायजे व्हतं.

आता एक लिवते. लिवावं का न्हाई म्हणून आठ दिस कागद समोर ठेवलाय.

ऑक्टोबरात मी तुमाला पंधरा दिवसांनी उत्तर दिलं. कारण ईचारू नका म्हणलं व्हतं. त्या पत्राच्या आधी मी दुसरं पत्र लिवलं व्हतं. त्यात लिवलं व्हतं, 'ह्यांना सांगितलं, ते न्हाई म्हणाले, फिरून ह्ये काढू नका.' ह्यांना कायच सांगितलं नव्हतं. समदं खोटं. तिकीट लावून भिवाजीच्या हातात दिलं. त्यो पत्र घेऊन पौडला गेला.

त्या राती जेवण गेलं न्हाई. ह्ये म्हणाले, "काय दुखतंय?" मी म्हणलं, "डोकं." पहाटं उठून पौडपर्यंत चालत गेले. पोस्टाची पिशवी बांधायची चालली व्हती. पोस्टमास्तर म्हणाले, टाकलेलं पत्र परत देता येत न्हाई. मी तितंच दारात बसले. उठणार न्हाई म्हणलं. अखेर त्यांनी पिशवी उघडली. घरी येऊन चुलीत घातलं.

एक रातभर मी तुमाला मारलं व्हतं, भावजी. ह्यांनाबी ठावं न्हाई. वाचून तुमचा जीव विटला तर विटू द्या. पर ह्ये पोटात ठेवून तुमच्या पानात भात वाढणं मला जमायचं न्हाई.

रंभा


बॉस्टन, २ जून १९६२

सौ. वहिनींस बहिरूचा साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र नदीकाठच्या बाकावर बसून वाचलं. उठून चालत खोलीवर आलो. मैलभर आहे. न थांबता आलो.

ते पहिलं पत्र इथे पोचलं असतं तर मी ते खरं मानलं असतं आणि गप्प राहिलो असतो. आईच्या वेळी मी लिहिलेलं दादाने खरं मानलं, तसंच. मी एक खोटं लिहिलं आणि ते तीन वर्षं घरात राहिलं. तुम्ही एक लिहिलंत आणि एका रात्रीत चालत जाऊन परत आणलंत. मला ते जमलं नव्हतं.

दोन पोरींच्या आईने असं लिहिलं यात मला काही विटण्यासारखं दिसत नाही. दादापासून मात्र लपवू नका. त्याला सांगा. तो आधी चिडेल, मग ओढ्याकडे जाऊन येईल.

विद्यापीठाने दिवाळीसाठी रजा दिली आहे. तिकीट काढलंय. २५ ऑक्टोबरला सकाळी मुंबईला उतरेन, या खेपेला न्यूयॉर्क आणि जिनिव्हा दोन्हीकडे बदलायचं आहे, म्हणजे एखादा दिवस मागेपुढे झाला तर नकाशा काढून बसू नका.

आणखी एक. डॉक्टरांनी कालपासून मिठाला परवानगी दिली. दीड वर्षं अळणी जेवलो. लोणचं काढून ठेवा.

आपला,
बहिरू